शून्याची बोली : डेन्मार्कच्या समुद्रातल्या वाऱ्याचा हिशेब

समुद्रात उभ्या राहणाऱ्या पवनचक्क्यांचं पुढे काय होणार, त्यात पैसा घालणं शहाणपणाचं आहे का, असा प्रश्न हल्ली वरचेवर कानावर येतो. भविष्य सांगणं हा काही आमचा धंदा नव्हे. पण या उद्योगाला आता पस्तीस वर्षं होत आली, आणि एवढा इतिहास हाताशी असेल तर निदान प्रश्न तरी नेमका विचारता येतो. म्हणून आज आपण मुख्यतः एकाच देशाची गोष्ट बघणार आहोत, डेन्मार्कची. त्या गोष्टीतलाही एकच धागा धरायचा आहे : वीज पुढे कितीला विकली जाईल, याची जोखीम त्या त्या वेळी कुणाच्या डोक्यावर होती?

आधी काही आकडे ऐकून ठेवा. डेन्मार्कचं चलन क्रोनर, आणि रुपयाचे शंभर पैसे तसे क्रोनरचे शंभर ओरे. सरकारने आनहोल्ट बेटाजवळच्या प्रकल्पासाठी निविदा काढली, तेव्हा २०१० साली एकच बोली आली : युनिटला १०५.१ ओरे. २०१५ साली हॉर्न्स रेव्हच्या तिसऱ्या टप्प्यासाठी ७७ ओरे. २०१६ साली बाल्टिक समुद्रातल्या क्रीगर्स फ्लाकसाठी ३७.२ ओरे. २०२१ साली थोर नावाच्या प्रकल्पासाठी ०.०१ ओरे, म्हणजे एका ओरेचा शंभरावा भाग. नियमाप्रमाणे त्याच्या खाली जाताच येत नव्हतं. आणि ५ डिसेंबर २०२४ रोजी उत्तर समुद्रातल्या निदान तीन हजार मेगावॅटच्या निविदेची मुदत संपली, तेव्हा पेटीत एकही बोली नव्हती.

आता बघा, दर सतत उतरत गेला तर आपण म्हणतो तंत्रज्ञान सुधारलं, माल स्वस्त झाला. ते खोटं नाही. पण स्वस्त झालेला माल अचानक कुणी विकायलाच येत नाही, हे कसं? याचं उत्तर शोधायला जरा मागे जावं लागतं.

डेन्मार्कमध्ये वाऱ्यापासून वीज काढायची सुरुवात एका शाळामास्तराने केली, असं म्हटलं तरी चालेल. पॉल ला कूर हे आस्कोवच्या लोकविद्यालयात शिकवायचे. ग्रुंड्टविग यांच्या विचारातून निघालेली ही विद्यालयं, शेतकऱ्यांच्या मुलांसाठी. तिथे १८९१ साली त्यांनी वीज करणारी पवनचक्की उभी केली. वारा पडला की काय करायचं, हा आजचा प्रश्न त्यांनाही पडलाच होता. त्यांनी विजेने पाण्याचं विघटन करून हायड्रोजन साठवला आणि त्याच्या दिव्यांनी शाळा उजळली. हायड्रोजनबद्दल आज जे नव्याने बोललं जातं, ते ऐकताना आम्हाला हा मास्तर आठवतो. त्यांचाच विद्यार्थी योहानेस यूल. त्याने १९५७ साली गेडसरला २०० किलोवॅटची तीन पात्यांची पवनचक्की उभारली. ती दहा वर्षं चालली आणि मग स्वस्त तेलापुढे बंद पडली.

तेल स्वस्त राहिलं नाही. १९७३ च्या तेलसंकटात या देशाची ऊर्जा जवळजवळ सगळी आयात तेलावर होती. रविवारी मोटारी चालवायला बंदी आली, लोक मोकळ्या हमरस्त्यांवर सायकली घेऊन निघाले. सरकारचा आणि वीज कंपन्यांचा ओढा अणुऊर्जेकडे होता. लोकांचा विरोध होता, तो दहा वर्षं टिकला आणि १९८५ साली संसदेने अणुऊर्जा योजनेतून काढून टाकली. दरम्यान सुतार, लोहार, शिक्षक आपापल्या परीने पवनचक्क्या बांधत होते. ट्विंड इथल्या शिक्षकांनी तर १९७५ ते १९७८ या काळात तब्बल ५४ मीटर व्यासाच्या पात्यांची एक प्रचंड चक्की उभारली. आपल्याला उगाच वाटतं की तंत्रज्ञान म्हणजे मोठी प्रयोगशाळा. अमेरिका आणि जर्मनीने त्या वेळी सरकारी पैशाने अजस्र यंत्रं बांधली, ती बहुतेक मोडीत गेली. गावठी वाटणारं डॅनिश यंत्र टिकलं, कारण ते लहान होतं, मोडलं तर दुरुस्त करता येत होतं आणि दुरुस्त करणारा त्याच गावात राहत होता.

१९९१ साली लोलँड बेटाच्या किनाऱ्यापासून दोन-तीन किलोमीटरवर, व्हिंडेबी इथे, अकरा चक्क्या समुद्रात उभ्या राहिल्या. (त्याच्या आदल्याच वर्षी स्वीडनने एक चक्की पाण्यात उभी केली होती, पण एकच.) बोनस कंपनीची ४५० किलोवॅटची अकरा यंत्रं, सगळी मिळून पाच मेगावॅटला जराशी कमी. आज बाजारात पंधरा मेगावॅटचं एकेक यंत्र मिळतं. म्हणजे अख्ख्या व्हिंडेबीच्या तिप्पट. पण व्हिंडेबी पंचवीस वर्षं चाललं आणि २०१७ साली रीतसर काढून घेतलं गेलं. त्याची जोखीम कुणाची होती? एल्क्राफ्ट ही वीज कंपनी ग्राहकांच्या मालकीची, त्यामुळे जोखीम सगळ्या ग्राहकांची. प्रत्येकाच्या बिलात अगदी थोडी थोडी वाटली गेलेली. कुणाला कळलीही नसेल.

मिडलग्रुन्डेन हा आमच्या दृष्टीने या इतिहासातला सगळ्यात सुंदर भाग आहे, म्हणून तिथे जरा रेंगाळू. कोपनहेगन बंदराच्या बाहेर साडेतीन किलोमीटरवर एक उथळ भाग आहे. बंदरातला गाळ आणि राडारोडा वर्षानुवर्षं तिथे नेऊन टाकायचे. तिथे पवनचक्क्या उभ्या करायचं काही नागरिकांनी मनावर घेतलं. मूळ आराखडा सत्तावीस चक्क्यांचा, तीन रांगांत. शहरातून समुद्राकडे बघितलं की काय दिसेल, यावर हरकती आल्या, सुनावणी झाली आणि आराखडा बदलला : वीस चक्क्या, एका वक्र रेषेत. दहा महापालिकेच्या वीज कंपनीच्या, दहा सहकारी संस्थेच्या. संस्थेने ४०,५०० भाग काढले. एक भाग म्हणजे वर्षाला साधारण हजार युनिट वीज, किंमत ४,२५० क्रोनर. साडेआठ हजारांहून जास्त सभासदांनी ते घेतले आणि २००० साली चाळीस मेगावॅटचा हा प्रकल्प फिरू लागला.

महाराष्ट्रातल्या श्रोत्याला हे चित्र परकं वाटायचं कारण नाही. प्रवरेच्या काठी विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी शेतकऱ्यांचे भाग गोळा करून साखर कारखाना उभा केला, तोही याच जातीचा विचार. डेन्मार्कमध्ये पहिली सहकारी डेअरी १८८२ सालची. दुधात जे जमलं ते वाऱ्यात का जमू नये, असा त्यांचा सरळ हिशेब. मात्र एक गोष्ट विसरायची नाही. सभासदाने भाग घेतला तेव्हा सुरुवातीच्या वर्षांत विजेला काय दर मिळणार, हे कायद्याने बांधून दिलेलं होतं. आपल्या भाषेत सांगायचं तर हमीभाव होता. वारा कमी-जास्त वाहील ही जोखीम सभासदाची, बाजारभाव पडेल ही जोखीम समाजाची. ही वाटणी आम्हाला न्याय्य वाटते. जो ज्याला सोसेल ते त्याने उचललं.

पण साडेआठ हजार लोकांच्या भागांतून चाळीस मेगावॅट होतात. हजार मेगावॅट होत नाहीत. २००२ साली जटलँडच्या पश्चिमेला, खुल्या उत्तर समुद्रात, हॉर्न्स रेव्हचा पहिला टप्पा उभा राहिला. ऐंशी चक्क्या, १६० मेगावॅट. तिथल्या खाऱ्या हवेने अशी फजिती केली की दोन वर्षांत ट्रान्सफॉर्मर आणि जनित्रं बिघडू लागली, आणि २००४ साली ऐंशीच्या ऐंशी चक्क्यांची डोकी उतरवून दुरुस्तीसाठी किनाऱ्यावर आणावी लागली. असा फटका एखाद्या सहकारी संस्थेला बसता तर ती उठली नसती. इथून पुढे खेळ मोठ्या भांडवलाचा झाला.

ते मोठं भांडवल म्हणजे डाँग, डेन्मार्कची सरकारी तेल आणि वायू कंपनी. २००६ साली अनेक वीज कंपन्या पोटात घेऊन ती मोठी झाली. २००९ साली तिने जाहीर केलं की आपली ८५ टक्के वीज आणि उष्णता कोळसा-तेल-वायूची आहे, १५ टक्के हरित. हे प्रमाण एका पिढीत उलटं करायचं. ते दहा वर्षांतच उलटलं. पण पैसा हवा होता. सरकारला स्वतः घालायचा नव्हता. म्हणून २०१४ साली गोल्डमन सॅक्सकडून आठ अब्ज क्रोनर घेऊन सुमारे १८ टक्के हिस्सा देण्याचं ठरलं. देश पेटला. दोन लाखांच्या आसपास लोकांनी विरोधात सह्या केल्या, सोशलिस्ट पीपल्स पार्टी सरकारमधून बाहेर पडली. सौदा मात्र झाला. दोनच वर्षांनी, जून २०१६ मध्ये, कंपनी शेअर बाजारात आली ती सुमारे ९८ अब्ज क्रोनर मोलाची म्हणून. सह्या करणाऱ्यांना वाटलं होतं की देशाची मालमत्ता कवडीमोलाने गेली. आकडे बघता त्यांचं अगदीच चुकलं असं म्हणवत नाही.

२०१७ साली कंपनीने तेल-वायूचा व्यवसाय विकला आणि नाव बदलून ऑर्स्टेड ठेवलं. या नावापाशी आम्हाला क्षणभर थांबू द्या, कारण इथे आमचा विषय येतो. हान्स क्रिस्तियान ऑर्स्टेड यांनी १८२० साली दाखवलं की विजेच्या प्रवाहाजवळ होकायंत्राची सुई हलते. प्रत्येक पवनचक्कीतलं जनित्र या शोधाच्या वंशातलं. पण या माणसाचा १७९९ सालचा प्रबंध कांटच्या निसर्गविषयक तत्त्वज्ञानावर होता! निसर्गातल्या शक्ती वरवर वेगळ्या दिसल्या तरी मुळात एक असाव्यात, हा विश्वास त्यांना तत्त्वज्ञानाने दिला आणि मग ते प्रयोगात तो शोधत राहिले. तत्त्वज्ञानाचा व्यवहारात काय उपयोग, असं विचारणाऱ्यांसाठी हे उदाहरण आम्ही खिशात ठेवतो. असो.

आता मूळ प्रश्नाकडे. १०५ ओरेवरून शून्यापर्यंत दर कसा आला? यंत्रं मोठी झाली, जहाजं आली, अनुभव आला. हे सगळं खरं. पण आणखी एक गोष्ट स्वस्त झाली होती, ती म्हणजे पैसा.

वायूवर चालणाऱ्या केंद्रात रोज इंधन विकत घ्यावं लागतं. पवनचक्कीत इंधन फुकट, पण जवळजवळ सगळा खर्च पहिल्या दिवशीच करावा लागतो, आणि तोही बहुतेक कर्जाने. म्हणून पवनचक्कीच्या विजेचा दर हा मोठ्या प्रमाणात व्याजाचा दर असतो. साधं गणित करा. शंभर कोटी कर्ज, पंचवीस वर्षांत समान हप्त्यांनी फेडायचं. तीन टक्के व्याज असेल तर वर्षाचा हप्ता सुमारे ५.७४ कोटी. सात टक्के असेल तर ८.५८ कोटी. तोच वारा, तीच पाती, तोच समुद्र; हप्ता दीडपट. डेन्मार्कच्या मध्यवर्ती बँकेने २०१२ सालीच व्याजदर शून्याखाली नेला होता, आणि २०१९ साली तिथल्या एका बँकेने घरकर्जसुद्धा उणे अर्ध्या टक्क्याने देऊ केलं. अशा दुनियेत शून्य अनुदानाच्या बोली येणं नवल नव्हतं. २०१७ च्या एप्रिलमध्ये जर्मनीच्या लिलावात डाँगने आणि एनबीडब्ल्यू या जर्मन कंपनीने त्या लावल्याच. वर्तमानपत्रांनी लिहिलं, वारा आता स्वतःच्या पायावर उभा आहे.

थोरचा लिलाव हे या काळाचं शिखर. एकाहून जास्त कंपन्यांनी किमान दराचीच बोली लावली. आता निवड कशी करणार? चिठ्ठ्या टाकल्या! जर्मनीच्या आरडब्ल्यूई कंपनीची चिठ्ठी निघाली. हजार मेगावॅटच्या राष्ट्रीय प्रकल्पाचा निर्णय सोडतीने. वर कंपनीने सरकारलाच २.८ अब्ज क्रोनर द्यायचे. म्हणजे हमीभाव तर गेलाच, उलट शेतकऱ्यानेच बाजार समितीला बयाणा द्यावा तसं झालं. वीज पुढे कितीला विकली जाईल याची जोखीम आता पूर्णपणे कंपनीवर. सरकार खूश, करदाते खूश. ही जोखीम नाहीशी झाली असं कुणी म्हणालं नाही, पण सगळे तसे वागत होते.

मग २०२२ साली युक्रेनचं युद्ध पेटलं, पोलाद महागलं, महागाई वाढली. युरोपीय मध्यवर्ती बँकेचा ठेवींवरचा दर उणे अर्ध्या टक्क्यावर होता, तो सप्टेंबर २०२३ पर्यंत चार टक्क्यांवर गेला. ज्या कंपन्यांनी जुन्या व्याजाच्या हिशेबाने आधीच दर बांधून घेतले होते, त्यांची कोंडी झाली. व्हाटेनफालने इंग्लंडजवळचं एक मोठं काम खर्च ४० टक्के वाढला म्हणून जुलै २०२३ मध्ये थांबवलं. ऑर्स्टेडने त्याच वर्षी ऑक्टोबरअखेर अमेरिकेतल्या न्यू जर्सीचे दोन प्रकल्प सोडून दिले आणि नऊ महिन्यांच्या हिशेबात २८.४ अब्ज क्रोनरची मालमत्ता खोडली. २०२१ च्या जानेवारीत तेराशे क्रोनरच्या वर गेलेला तिचा शेअर नोव्हेंबर २०२३ मध्ये तीनशेच्या खाली आला. निवृत्तीवेतन निधींचा पैसा त्यात होता. आम्ही या वयात हा आकडा उदासीनपणे वाचू शकत नाही.

पुढे ऑगस्ट २०२५ मध्ये कंपनीने भागधारकांकडे ६० अब्ज क्रोनर मागितले. अर्ध्याहून थोडा जास्त हिस्सा डेन्मार्क सरकारचा, त्यामुळे सरकारने आपला निम्मा वाटा, तीस अब्जांच्या आसपास, घालायचं मान्य केलं. आठवा, २०१४ साली आठ अब्ज घालायला नको म्हणून सरकारने एवढं वादळ ओढवून घेतलं होतं. त्याच महिन्यात अमेरिकन सरकारने ऱ्होड आयलंडजवळचा ऐंशी टक्के पुरा झालेला प्रकल्प थांबवण्याचा हुकूम काढला. महिन्याभराने न्यायालयाने काम पुन्हा सुरू करू दिलं. राजकारणाची ही जोखीम कुठल्या गणितात बसवणार?

डिसेंबर २०२४ च्या रिकाम्या पेटीचं कारण आता स्पष्ट व्हावं. सरकारच्या अटी थोरच्या काळातल्या होत्या : अनुदान नाही, दरवर्षी सरकारला पैसे द्यायचे, शिवाय वीस टक्के मालकी सरकारची. व्याज मात्र नव्या काळातलं. आणि एक जुनाच पण वाढत गेलेला त्रास होता. डेन्मार्कची निम्म्याहून जास्त वीज वाऱ्याची. वारा सुटला की सगळ्यांच्याच चक्क्या एकदम फिरतात आणि भाव कोसळतो, कधी शून्याखाली जातो. हंगामात कांद्याचं होतं तसं. जास्तीच्या विजेचा हायड्रोजन करून जर्मनीला नळाने पाठवू, अशी आशा होती. तो नळही २०३१ पर्यंत लांबल्याचं निविदेच्या तोंडावरच जाहीर झालं. मे २०२५ मध्ये सरकारने नवा करार केला : तीन हजार मेगावॅटसाठी ५५ अब्ज क्रोनरपर्यंत मदत, आणि ती हमीभावाच्या रूपात. भाव ठरलेल्या दराखाली गेला तर सरकार फरक देणार, वर गेला तर कंपनी परत करणार. ब्रिटन याच वाटेने जातं. तिथेही सप्टेंबर २०२३ मध्ये कमाल दर ४४ पौंड ठेवल्यावर समुद्रातल्या वाऱ्यासाठी एकही बोली आली नव्हती. पुढच्या फेरीत तो ७३ पौंड केला आणि बोली आल्या. जर्मनीची पेटी ऑगस्ट २०२५ मध्ये रिकामी निघाली.

चीनचा उल्लेख केल्याशिवाय पुढे जाता येणार नाही, जरी ती कथा वेगळ्या व्याख्यानाची आहे. २०२४ अखेर जगभरात समुद्रातली पवनऊर्जा सुमारे ८३ हजार मेगावॅट होती, त्यातली निम्मी चीनची. तिथे हमीभाव २०२१ अखेर संपणार म्हणताच एका वर्षात सुमारे १७ हजार मेगावॅट उभे राहिले. भांडवल बहुतांशी सरकारी कंपन्यांचं, म्हणजे जोखीम फिरून सरकारचीच.

आता आपल्याकडे. २०१५ साली केंद्राने समुद्रातल्या पवनऊर्जेचं धोरण जाहीर केलं. २०१८ साली २०३० पर्यंत तीस हजार मेगावॅटचं उद्दिष्ट सांगितलं गेलं. आज समुद्रात एकही व्यापारी चक्की नाही. जून २०२४ मध्ये मंत्रिमंडळाने ७,४५३ कोटींची योजना मंजूर केली : गुजरात आणि तामिळनाडूत पाचपाचशे मेगावॅट, त्यासाठी ६,८५३ कोटींचा व्यवहार्यता तफावत निधी, आणि दोन बंदरं सुधारायला ६०० कोटी. मेगावॅटमागे पावणेसात कोटींहून जास्त मदत होते ही. कोकण यात नाही, वारा दक्षिणेत आणि सौराष्ट्राकडे जास्त आहे.

पूर्वी साताऱ्याच्या वनकुसवडे-चाळकेवाडीच्या पठारांवर चक्क्या उभ्या राहिल्या, तेव्हा सरकारी सवलत होती ती घसाऱ्याची. यंत्र उभं केलं की कर वाचायचा. वीज किती झाली याच्याशी त्या सवलतीचा संबंध नव्हता, आणि अशी सवलत घेणारे सगळेच काही वाऱ्याच्या प्रेमात नव्हते. २००९ साली केंद्राने युनिटमागे पन्नास पैसे देण्याची योजना आणली, ती त्यावरचा उतारा म्हणून. नवा निधी भांडवलातली तफावत भरून काढतो, कर्ज कमी करतो. त्यामुळे आम्ही त्याला वाईट म्हणणार नाही.

पण भारतात भावाची जोखीम बाजारात नसते, ती राज्यांच्या वीज वितरण कंपन्यांच्या तिजोरीत असते. पंचवीस वर्षांचा करार होईल, दर ठरेल. बिल वेळेवर मिळेल का? महाराष्ट्राला हा धडा वेगळ्या दिशेने मिळालेला आहे. १९९३ च्या दाभोळ करारात इंधनाची आणि डॉलरची सगळी जोखीम वीज मंडळाच्या पदरात टाकली होती. १९९९ साली केंद्र चालू झालं, २००१ साली मंडळाने वीज घेणं थांबवलं आणि ७४० मेगावॅटचा पहिला टप्पा बंद पडला. (याच एन्रॉनची एक पवनचक्क्यांची कंपनी होती. एन्रॉन बुडाल्यावर २००२ साली ती जनरल इलेक्ट्रिकने घेतली आणि तिचा आजचा पवनव्यवसाय त्यातून वाढला.) दाभोळला सगळं ओझं लोकांवर होतं, न्यू जर्सीत सगळं कंपनीवर. दोन्हीकडे करार मोडला.

तेव्हा गुजरात किंवा तामिळनाडूच्या निविदेची बातमी याल तेव्हा दर किती निघाला हे सगळे सांगतील. आपण त्या करारात तीन गोष्टी शोधायच्या : वितरण कंपनीने पैसे थकवले तर हमी कुणाची, समुद्रतळाची पाहणी आधी कुणी करून ठेवली आहे, आणि काम रेंगाळलं आणि तेवढ्यात व्याजदर चढला तर तो वाढीव हप्ता कोण सोसणार. डेन्मार्कमध्ये तळाची पाहणी सरकार निविदेआधी करून ठेवतं. आपल्याकडे खंभातच्या आखातात राष्ट्रीय पवन ऊर्जा संस्थेने २०१७ पासून वारा मोजायला सुरुवात केली. बाकीच्या दोन गोष्टींवर इथल्या वीज क्षेत्रात काम केलेले श्रोते आमच्याहून अधिकाराने बोलतील. आता प्रश्न घेऊ या.